मैत्रीची लीग मैत्रीचीच कशी ठेवावी? आमच्या कॅरम मंडळासाठी सल्ला हवा आहे

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी,

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही गेली सहा वर्षे लहानसे कॅरम मंडळ चालवतो. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागे एका जुन्या माळवदाच्या घराची पुढची खोली आम्हाला मिळाली आहे. घरमालक भाडे घेत नाहीत, विजेचे बिल तेवढे आम्ही भरतो. खोलीत दोन बोर्ड आहेत, प्रत्येक बोर्डावर वरून सोडलेला एक दिवा आहे आणि भिंतीला लागून दोन बाकडी आहेत. येणाऱ्यांमध्ये मोंढ्यातले दोन हमाल, एक शिंपी, माझ्यासह जिल्हा परिषद शाळेचे तीन शिक्षक, एक निवृत्त पोस्टमन, आडत दुकानांवरचे दोन मुनीम आणि महाविद्यालयात शिकणारी तीन मुले, असे आम्ही बारा जण आहोत.

पहिली पाच वर्षे आम्ही रविवारी जमायचो, जो आधी येईल तो बसायचा, हरणारा उठायचा. गुण पाटीवर खडूने लिहायचो आणि जाताना पुसून टाकायचो. मागच्या वर्षी मात्र रीतसर साखळी सामने घ्यावेत अशी कल्पना निघाली आणि ती मांडणारा मीच होतो. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे म्हटले की बारा जणांचे ६६ सामने होतात. नियम मोठ्या स्पर्धांचे ठेवले: २५ गुण किंवा आठ बोर्ड (म्हणजे आठ डाव) यांपैकी जे आधी होईल तिथे गेम संपतो आणि तीनपैकी दोन गेम घेणारा सामना जिंकतो. एक सामना तासाभरात उरकेल असे आम्ही धरले होते, पण प्रत्यक्षात दीड दीड तास लागू लागला. दुपारी दोन ते रात्री नऊपर्यंत दोन बोर्डांवर जेमतेम आठ सामने बसत, त्यामुळे सगळा कार्यक्रम नऊ रविवारांचा झाला. त्यातच गावातल्या एका दुकानदारांनी पहिल्या क्रमांकाला पाच हजार रुपये जाहीर केले. त्यांचा हेतू चांगला होता, आणि आम्हीही ते आनंदाने स्वीकारले.

पाचव्या रविवारनंतर तक्त्याच्या तळाशी असलेले चौघे येईनासे झाले. कोणी सोयाबीनच्या काढणीचे कारण दिले, कोणी घरच्या लग्नाचे. खरे कारण सगळ्यांना कळत होते: ज्याला बक्षिसाची आशा उरलेली नाही त्याने दोन तास बाकड्यावर बसून आपल्या पाळीची वाट का पाहावी?

आठव्या रविवारी जे झाले ते अधिक लागले. वरच्या दोघांचा सामना होता. तिसऱ्या गेमच्या सातव्या बोर्डात गुण २१ आणि १९ होते. १९ गुणांवर असलेल्याने राणी घेतली. ती आपली करायची तर लगेच पुढच्या फटक्यात स्वतःची एक सोंगटी घालून तिला कव्हर देणे भाग असते. त्याची पांढरी सोंगटी उजव्या पॉकेटच्या अगदी तोंडाशी होती. त्याने स्ट्रायकर डावीकडे सरकवला, बोटाने दोनदा मागेपुढे केला, थांबला आणि मारला. सोंगटी आत गेली. समोरचा शांतपणे म्हणाला, ‘‘स्ट्रायकर मागच्या रेषेला टेकलेला नव्हता.’’ मारणारा म्हणाला, ‘‘टेकलेला होता.’’ स्ट्रायकर खालच्या दोन्ही रेषांना टेकला पाहिजे हा नियम दोघांनाही माहीत होता, पंच नव्हता, आणि बाकड्यांवर बसलेले बाकीचे क्षणार्धात दोन गटांत विभागले गेले. दोघेही खरे बोलत होते असे मला त्या वेळीही वाटत होते आणि आजही वाटते. पण आवाज चढले, सामना तसाच सुटला आणि नववा रविवार झालाच नाही. बक्षिसाची रक्कम आम्ही परत केली. ते दोघे आता मोंढ्यात समोरासमोर आले तर कामापुरते बोलतात, खोलीकडे मात्र फिरकत नाहीत.

मला लीग पुन्हा सुरू करायची आहे. गुण न लिहिता नुसते खेळा, असे काही जण सुचवतात. ते मला पटत नाही, कारण गुण लिहायला लागल्यापासून सगळ्यांचा खेळ सुधारला हे मी पाहिले आहे. आमच्या शिंपीदादांना पूर्वी रिबाउंड जमत नसे. त्या आठ आठवड्यांत ते समोरच्या फळीवरून सोंगटी परत आणून आपल्या बाजूच्या पॉकेटमध्ये घालायला शिकले. चुरस हवी आहे, पण तिच्यापायी माणसे तुटायला नकोत. ज्यांनी असे सामने चालवले असतील, मग तो खेळ कोणताही असो, त्यांनी आपली व्यवस्था सविस्तर सांगावी ही विनंती.


बालाघाट

दुधनाकाठ सर, तुमचे लेखन वाचून गहिवरून आले. मी मूळचा अंबाजोगाईचा असून गेली अकरा वर्षे कॅनडात विनिपेगजवळ राहतो. इथे मी आठवड्यातून एकदा कर्लिंगच्या क्लबात खेळतो. घरी फोनवर सांगताना मी त्याला बर्फावरचा कॅरम म्हणतो, आणि तुमचा प्रश्न या खेळातल्या लोकांनी फार पूर्वी सोडवलेला असल्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

आमच्या क्लबात छताखाली बर्फाच्या चार लांब पट्ट्या आहेत. एकेक पट्टी साधारण ४५ मीटर लांब आणि पाच मीटरच्या आतबाहेर रुंद असते. त्यावरून हँडल लावलेला ग्रॅनाइटचा गुळगुळीत दगड घसरत पलीकडच्या वर्तुळांमध्ये नेऊन थांबवायचा. दगडाचे वजन १७ ते २० किलो असते, आणि उत्तम दगडांचा ग्रॅनाइट स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या लहानशा बेटावरून येतो. सर्वांत बाहेरच्या वर्तुळाचा व्यास १२ फूट असतो आणि त्या वर्तुळांना मिळून ‘घर’ म्हणतात. संघात चार जण, प्रत्येकाचे दोन दगड, म्हणजे दोन्ही संघांचे मिळून १६ दगड टाकून झाले की एक ‘एन्ड’ संपतो. तो आपल्या बोर्डासारखाच समजा. ज्याचा दगड केंद्राला सर्वांत जवळ, त्याच संघाला गुण मिळतात. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षाही आत त्याचे जितके दगड असतील तितके गुण. दगड सोडताना मुठीने त्याला हलका फिरकावा दिला की तो शेवटी शेवटी एका बाजूला वळतो, म्हणून खेळाला हे नाव. पुढे दोघे जण बर्फ जोरजोरात घासत धावतात. त्याने बर्फाचा पृष्ठभाग किंचित तापतो, घर्षण कमी होते आणि दगड अधिक लांब आणि अधिक सरळ जातो.

आता तुमच्या कामाच्या गोष्टी.

आमच्या लीगमध्ये पंच नसतो. क्लबांच्या साप्ताहिक सामन्यांना सहसा पंच ठेवत नाहीत. सामन्याआधी आठही जण एकमेकांशी हात मिळवतात आणि चांगला खेळ होवो अशा शुभेच्छा देतात. घासणाऱ्याचा झाडू किंवा बूट चालत्या दगडाला लागला, तर ज्याचा लागला त्याने ते स्वतः सांगायचे, अशी इथली रीत आहे. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी हे डोळ्यांनी पाहिले. आमच्या संघात सत्तरी ओलांडलेले एक गव्हाचे शेतकरी होते. शेवटच्या एन्डचा दगड नेमका केंद्राकडे चालला होता, तो तिथे थांबला असता तर सामना आमचा होता. ते एकाएकी घासायचे थांबले, हात वर केला आणि म्हणाले, ‘‘माझा झाडू लागला.’’ मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो आणि मला काहीही दिसले नव्हते. प्रतिस्पर्ध्यांनाही दिसले नव्हते. त्यांनी दगड पायाने बाजूला सारला, आम्ही हरलो, आणि कोणीही त्यांना शाबासकी दिली नाही, कारण त्यात विशेष काही आहे असे इथे मानतच नाहीत.

एन्ड संपल्यावर गुण ठरवण्याची पद्धतही ध्यानात घ्यावी. दोन्ही संघांचे उपकर्णधार तेवढे घरात उभे राहतात, बाकीचे बाहेर थांबतात. त्या दोघांचे एकमत होईपर्यंत एकही दगड हलवायचा नाही. डोळ्यांनी ठरले नाही तर केंद्रात टेकवून फिरवायचे मापकयंत्र आणतात. बोलायचे ते दोघांनीच, बाकीच्यांनी नाही. तुमच्या बाकड्यावरच्या मंडळींबद्दल वाचताना मला हेच आठवले.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आमच्याकडे बाकडेच नसते. संध्याकाळी सात वाजता चारही पट्ट्यांवर एकाच वेळी सामने सुरू होतात. बत्तीस जण एकदम खेळायला उभे राहतात आणि आठ एन्ड साधारण दोन तासांत संपवून एकदमच बाहेर येतात. अव्वल स्पर्धांमध्ये बऱ्याचदा दहा एन्ड असतात, पण क्लबात आठच, कारण दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला कामावर जायचे असते. तळाचा संघही शेवटच्या आठवड्यापर्यंत वरच्या संघाइतकेच एन्ड खेळतो. तुमच्या लीगमध्ये बारा जणांपैकी चौघे खेळत होते आणि आठ जण नुसते पाहत होते. माझ्या मते भांडणाचे मूळ पाच हजार रुपयांपेक्षा तिथेच अधिक आहे. हाताला काम नसलेला माणूस दुसऱ्याच्या फटक्याचा न्याय करू लागतो.

सामना झाल्यावर दोन्ही संघ एकाच टेबलाशी बसतात आणि पहिला पेला जिंकलेल्यांनी पाजायचा असतो. कोणी कॉफी घेतो, कोणी बिअर. बाहेर उणे पंचवीस तापमान असले तरी ही बैठक चुकवून कोणी घरी पळत नाही.

आणखी एक सांगतो. इथली लीग पीक निघाल्यावर, ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि शेते बर्फाखाली असेपर्यंत चालते. शेतकऱ्यांच्या प्रदेशातला हा खेळ शेतीच्या रिकाम्या दिवसांत बसवलेला आहे. तुम्ही लीग सोयाबीनच्या काढणीत घेतलीत, तिथेही थोडे चुकले असावे.


मांजरा

बालाघाट यांचे विवेचन मनापासून आवडले, पण एका बाबतीत मला वेगळे म्हणायचे आहे. मी लातूरचा. पंचवीस वर्षे कॅरम खेळतो आहे आणि काही जिल्हास्तरीय स्पर्धांमध्ये पंच म्हणून बसलो आहे. स्वतःचा फाऊल स्वतः सांगावा हे तत्त्व योग्यच आहे, परंतु ज्या फटक्यावरून दुधनाकाठ यांच्याकडे वाद झाला त्याला ते पुरत नाही, कारण मारणाऱ्याला स्वतःचा तो दोष दिसतच नाही.

बोर्डाजवळ बसून पाहा. खेळण्याचा पृष्ठभाग ७४ सेंटिमीटरचा चौरस असतो, स्ट्रायकरचा व्यास जास्तीत जास्त ४.१३ सेंटिमीटर आणि वजन १५ ग्रॅमपर्यंत. त्या एवढ्याशा चकतीच्या मागच्या कडेला बोट लागलेले असते, मुठीची सावली रेषेवर पडलेली असते आणि मारणाऱ्याची नजर सोंगटीवर असते. मागची रेषा नेमकी त्याच्या हाताखाली झाकलेली असते. समोर बसलेल्याला पुढची रेषा स्वच्छ दिसते, पण मागची रेषा स्ट्रायकरच्या आडोशाला असते. दोघांनीही प्रामाणिकपणे परस्परविरुद्ध सांगितले यात मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. दोन्ही रेषा नीट दिसतात त्या बाजूने, म्हणजे मारणाऱ्याच्या डाव्या किंवा उजव्या हाताला बसलेल्याला. पंचाची जागा तिथे असते ती उगीच नाही.

म्हणून माझी सूचना अशी की एकेरी सोडून दुहेरी खेळा. दुहेरीत जोडीदार समोरासमोर बसतात, त्यामुळे प्रत्येक मारणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना प्रतिस्पर्धीच असतात आणि रेषा त्यांना आपोआप दिसते. शंका आली तर फटक्याच्या आधी बोलावे, नंतर नाही. ‘‘रेषा बघा’’ एवढे दोन शब्द म्हणायचे, मारणाऱ्याने स्ट्रायकर सरळ करून घ्यायचा, आणि एकदा फटका बसला की रेषेचा विषय संपला. मोठ्या स्पर्धेत हे चालणार नाही, तिथे पंच फाऊल देतो आणि सोंगटी परत काढावी लागते. तुमच्या खोलीत मात्र हे चालेल, आणि माझ्या मते तेच बरोबर ठरेल.

दुहेरीचा आणखी एक फायदा तुमच्या संख्येत आहे. बारा जण म्हणजे बरोबर तीन बोर्ड. तिसरा बोर्ड मिळाला तर तुमच्याकडेही बाकडे रिकामे राहील.


दुधनाकाठ

मांजरा सर, तुम्ही लिहिलेले वाचून मी काल रात्री खोली उघडली, बोर्डावर स्ट्रायकर ठेवला आणि चारही बाजूंनी बसून पाहिले. तुम्ही म्हणता तसेच आहे. मारणाऱ्याच्या जागेवरून मला मागची रेषा दिसत नव्हती. मान वाकवून पाहिली तर हात हलत होता. इतकी वर्षे खेळून हे कधी ध्यानात आले नाही. त्या दोघांपैकी एकाला मी आज सकाळी मुद्दाम भेटून हे सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘‘बोर्डावर दाखव.’’ रविवारी त्यांना दाखवणार आहे.

बालाघाट, तुमच्या शेतकऱ्यांची गोष्ट मी महाविद्यालयातल्या तिन्ही मुलांना वाचून दाखवली. जोडीचा प्रश्न मात्र उरतो. आमच्यातले तिघे बरेच पुढचे खेळाडू आहेत. ते एकत्र आले तर बाकीच्यांचा निभाव लागणार नाही.


तेरणा

जोड्यांचा प्रश्न आमच्याकडे सुटलेला आहे, म्हणून लिहिते. मी धाराशिवची. आमच्या गल्लीत आम्ही आठ जणी दुपारी तीन ते पाच कॅरम खेळतो, चार वर्षे झाली. एकीच्या ओसरीवर एक बोर्ड, दुसरीच्या ओसरीवर एक. सुरुवातीला आम्ही जोड्या कायमच्या ठरवल्या होत्या. त्यात एक जोडी सतत जिंकू लागली आणि दोन महिन्यांत खेळ बंद पडायची वेळ आली. तेव्हा आमच्यातल्या सर्वांत थोरल्या काकूंनी सुचवले की जोडी रोज चिठ्ठ्या टाकून काढायची, पण गुण मात्र जिचे तिच्या नावावर लिहायचे. आज मी ज्यांच्याबरोबर खेळले त्याच परवा माझ्यासमोर प्रतिस्पर्धी असतात. जोडीने मिळवलेले गुण दोघींच्याही नावावर पूर्ण चढतात. वर्षभरात प्रत्येक जण प्रत्येकीबरोबर आणि प्रत्येकीविरुद्ध इतक्या वेळा खेळते की चिठ्ठ्यांमधली नशिबाची बाजू आपोआप सपाट होते, आणि तक्ता खऱ्या खेळाप्रमाणेच लागतो.

याचा जो परिणाम झाला त्याची आम्ही कल्पना केली नव्हती. चांगली खेळणारी बाई आता कच्च्या खेळाडूला शिकवते, कारण उद्या तीच तिची जोडीदार असू शकते. मला कट मारायला ज्यांनी शिकवले त्या आमच्या तक्त्यात पहिल्या आहेत. सोंगटीच्या मध्यावर मारायचे नाही, पॉकेटच्या विरुद्ध बाजूची कड शोधायची, हे त्यांनी माझे बोट धरून दाखवले.

तुमच्या मंडळाला सांगा की चिठ्ठ्या गहू आणि ज्वारीच्या ठेवा. पुढच्या सहा जणांची नावे एका वाटीत, मागच्या सहा जणांची दुसऱ्या वाटीत, आणि प्रत्येक वाटीतून एकेक नाव काढून जोडी लावायची. आम्ही खरोखरच वाट्यांत तळाला गहू आणि ज्वारी टाकतो, म्हणजे कोणती वाटी कोणाची हे विसरत नाही. दर तीन आठवड्यांनी तक्ता पाहून वाट्यांतली नावे बदलायची.

एक विनंतीही आहे. तुमच्या बारा जणांत एकही बाई नाही. रात्री मोंढ्यामागच्या खोलीत बायका येणार नाहीत हे मी समजू शकते, पण रविवारी दुपारी ती खोली मोकळी असेल तर दोन तास गावातल्या मुलींना आणि बायकांना द्यावी. या खेळाला उंची लागत नाही, मैदान लागत नाही, महागडे बूट लागत नाहीत. बिहारच्या रश्मी कुमारी जगज्जेत्या झाल्या आहेत. २०२४ मध्ये अमेरिकेत झालेल्या विश्वचषकात चेन्नईच्या काझिमाने सुवर्णपदके जिंकली, आणि तिचे वडील रिक्षा चालवतात. आपल्याकडच्या मुलींना निदान बोर्डाशी बसायला जागा तरी मिळावी, असे मला कळकळीने वाटते.


पूर्णा

नांदेडहून लिहितो आहे. वरच्या चर्चेत बोर्डाच्या निगेचा विषय आला नाही, आणि लीग तीन बोर्डांवर घ्यायची तर तो आलाच पाहिजे. तीन बोर्ड तीन वेगवेगळ्या वेगांचे असले की हरलेला माणूस बोर्डाला दोष देतो, आणि त्यात तथ्यही असते. पावसाळ्यात प्लायवूड ओल धरते, बोर्ड जड होतो. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तोच बोर्ड पत्र्याखालच्या खोलीत भिंतीला तिरका टेकवून ठेवला तर वाकतो. बोर्ड सपाट ठेवावा, ओल्या फडक्याने कधीही पुसू नये, कोरडे सुती कापड वापरावे. सामन्याआधी बोर्डाच्या चारही बाजूंनी एकाच जोराने स्ट्रायकर मारून पाहावा. समोरच्या फळीवर आपटून तो किती वेळा जातो-येतो ते मोजले की वेगाचा अंदाज येतो. दर रविवारी तिन्ही बोर्डांवर जोड्या फिरत्या ठेवल्या तर तक्रारीला जागाच उरणार नाही.

बोरिक पावडर कापडाच्या पुरचुंडीतून झटकावी, चिमटीने टाकू नये. आणि ती पोटात जाणे चांगले नसते, म्हणून भेळ किंवा भजी खाण्याआधी सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत. लहान मुले खोलीत येत असतील तर डबा वर ठेवावा.


बालाघाट

पूर्णा यांनी लिहिलेले वाचून एक साम्य लक्षात आले. आमच्याकडे सामन्याआधी बर्फावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात. ते गोठून पृष्ठभागावर पुरळासारखे उंचवटे येतात आणि दगड त्या टोकांवरून घसरतो. अगदी सपाट बर्फावर तो मध्येच अडखळून थांबतो. ते काम करणाऱ्या माणसाला क्लबात फार मान असतो. तुमच्याकडेही बोर्डांची जबाबदारी एकाच व्यक्तीला द्या आणि त्या व्यक्तीचे म्हणणे शेवटचे माना.

माणसे कमी पडण्याचा प्रश्न तुम्हाला येईलच. आम्ही राखीव खेळाडूंची यादी दाराजवळ लावतो. ज्याला यायचे नाही त्याने आपला बदली स्वतः शोधून पाठवायचा असतो. क्लबाने शोधायचा नसतो. या एका प्रथेमुळे कोणी सहजासहजी गैरहजर राहत नाही.

तेरणाताईंच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. कर्लिंगमध्ये एक स्त्री आणि एक पुरुष अशी मिश्र दुहेरी २०१८ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. आमच्या क्लबात नवरा-बायको, बाप-लेक, शेजारी-शेजारीण अशा जोड्या त्यात उतरतात. वाकून दगड सोडणे ज्यांना जमत नाही असे वयस्कर लोक उभ्याने काठीच्या टोकाने दगड ढकलतात, आणि त्यांचा गुण इतरांच्या गुणाइतकाच मोजला जातो.


मांजरा

गुणांबाबत एक बारकावा सांगायचा राहिला. तुम्ही २५ गुणांची मर्यादा काढून सरळ आठ बोर्ड खेळणार असाल तर राणीचा नियमही त्याप्रमाणे बदलावा लागेल. स्पर्धेत २१ गुणांपर्यंतच राणीचे तीन गुण धरतात. २२ झाले की राणी घेऊन जिंकले तरी तिचे गुण मिळत नाहीत. हा नियम २५ च्या मर्यादेसाठी केलेला आहे. तुमच्या आठ बोर्डांत राणीचे तीन गुण शेवटपर्यंत धरावेत, नाहीतर सहाव्या-सातव्या बोर्डात ‘‘आता राणी मोजायची की नाही’’ म्हणून नवा वाद उभा राहील.

बोर्ड संपल्यावर आपल्या किती सोंगट्या उरल्या हे हरलेल्या जोडीने मोठ्याने सांगावे आणि जिंकलेल्या जोडीने पाटीवर लिहावे. तोवर बोर्डावरच्या सोंगट्यांना कोणीही हात लावू नये. बालाघाट यांच्या उपकर्णधारांचेच हे आपले रूप आहे.


दुधनाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी आम्ही बारापैकी अकरा जण जमलो होतो, दोन तास बोललो आणि पुढीलप्रमाणे ठरवले.

लीग तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी सुरू होईल आणि दहा रविवार चालेल. तोवर सोयाबीन घरात किंवा मोंढ्यात आलेले असते. रविवारी मोंढा बंद असल्यामुळे आमच्या दोन्ही हमालदादांना संध्याकाळ मोकळी मिळते. मागच्या वर्षी दुपारचे सामने त्यांना झोपमोड करून खेळावे लागत होते, हे त्यांनी परवा पहिल्यांदाच बोलून दाखवले. आम्ही त्यांना कधी विचारलेच नव्हते. सहा वाजता तिन्ही बोर्ड एकदम लागतील, दुहेरीचे आठ बोर्ड होतील, साडेआठपर्यंत खेळ संपेल. जोड्या तेरणाताईंच्या गहू-ज्वारीच्या वाट्यांतून निघतील. गुण वैयक्तिक लिहायचे, तक्ता भिंतीवर लावायचा, रोख बक्षीस ठेवायचे नाही. त्या रविवारी ज्यांचे गुण जास्त होतील त्या जोडीने सगळ्यांना चहा पाजायचा. बोर्डांची निगा पोस्टमनकाकांकडे दिली आहे. त्यांनी आतापासूनच सुती कापडाच्या तीन पुरचुंड्या शिवून घेतल्या आहेत.

रविवारी दोन ते चार ही वेळ गावातल्या मुलींसाठी आणि स्त्रियांसाठी ठेवली आहे. माझ्या पत्नीने पाच नावे लगेच दिली, शिंपीदादांच्या घरून दोन आली. पुढे मिश्र जोड्या खेळायच्या की नाही हे त्यांचे त्यांनीच ठरवावे.

रेषेचा प्रयोग त्या दोघांनाही बोर्डावर करून दाखवला. आधी एक जण मारणाऱ्याच्या जागी बसला आणि दुसरा समोर, मग दोघांनी जागा बदलल्या, मग दोघे एकाच बाजूला, मारणाऱ्याच्या उजव्या हाताला येऊन बसले. मी स्ट्रायकर केसभर पुढे ठेवला होता. तिथून तो दोघांनाही दिसला. ‘‘इथून दिसतं,’’ असे एक म्हणाले. दुसऱ्यांनी बोटाने स्ट्रायकर मागे सरकवून रेषेला टेकवला. एवढेच झाले. जाताना दोघांनीही यादीत आपापली नावे लिहिली.

अडचण आता एकच आहे, तिसऱ्या बोर्डाची. नवा घ्यायचा तर वर्गणी दिवाळीनंतरच जमेल. कोणाकडे वापरात नसलेला, पण सपाट राहिलेला बोर्ड असल्यास कळवावे, आणण्याचा खर्च आम्ही करू.


मांजरा

माझ्याकडे एक आहे. मुलगा पुण्याला गेल्यापासून माळ्यावर आडवा ठेवलेला आहे, त्यामुळे वाकलेला नाही. एका पॉकेटची जाळी फाटली आहे, ती मी या आठवड्यात विणून घेतो. पुढच्या शनिवारी परभणीला येणारच आहे, बोर्ड गोणपाटात गुंडाळून एसटीने सोबत आणतो. बसस्थानकावर कोणाला तरी पाठवा, मला एकट्याला तो उतरवता येणार नाही.


दुधनाकाठ

दोघे जण येतील. कोणते दोघे, ते तुम्ही ओळखलेच असेल.